जहाज सुटण्यापूर्वीचे पाच तास : क्रूझच्या थांब्यावर एका दिवसाचे पक्षीनिरीक्षण

क्रूझच्या वेळापत्रकात एखाद्या बंदरापुढे ‘सकाळी ८ ते सायंकाळी ५’ असे छापलेले असते आणि ते वाचताना नऊ तास हाती आहेत असे वाटते. प्रत्यक्षात पक्षी पाहण्यासाठी त्यातले साडेचार-पाच तास उरतात. तेही दिवसाच्या अशा भागातले असतात की, एरवी त्या वेळी पक्षीनिरीक्षक सकाळची फेरी संपवून परतलेले असतात. पहाटेचा किलबिलाट जहाज बंदरात शिरण्यापूर्वीच ओसरलेला असतो आणि रातथाऱ्यावर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या जागी, परतणारे थवे आकाशात दिसू लागतात तेव्हा जहाजाचे दोर सुटलेले असतात. या दोन मर्यादा मान्य करून आखणी केली, तर अशा थांब्यावरचा दिवस फार समृद्ध होऊ शकतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : एका थांब्याला एकच अधिवास निवडावा, तो जवळचा असावा आणि दुपारीही जागता, म्हणजे पक्ष्यांची हालचाल चालू असणारा असावा. पुढे जे लिहिले आहे ते सारे या निवडीभोवती फिरते.

वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडावा

आखणीची सुरुवात जागेपासून न करता जहाजावर परतण्याच्या वेळेपासून करावी. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी परतण्याची अंतिम वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला जहाजावर ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात आणि ती सहसा सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. समजा, जहाज आठ वाजता धक्क्याला लागले. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून उतरायला सुरुवात होईपर्यंत साडेआठ होतात आणि बंदराच्या फाटकाबाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत नऊ वाजतात. ऑल अबोर्ड साडेचारला असेल, तर धक्क्यावर परत पोहोचण्याची आपली वेळ साडेतीन धरावी. मधला एक तास हा पंक्चर झालेले चाक, रस्त्यावरचा खोळंबा आणि बंदराच्या फाटकावरची तपासणीची रांग यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्याला कोणत्याही पक्ष्यासाठी हात लावू नये. आता जागा एका तासाच्या अंतरावर असेल तर तिथे दहाला पोहोचून अडीचला निघावे लागेल, म्हणजे साडेचार तास मिळतील. तीच जागा दोन तासांवर असेल तर अडीच तास उरतील. वीस मिनिटांवर असेल तर जवळजवळ सहा तास मिळतील. हा हिशेब कागदावर एकदा मांडला की, नकाशावर मोहात पाडणारी निम्मी ठिकाणे आपोआप गळून पडतात.

जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकणार असेल आणि प्रवाशांना टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेणार असेल, तर दोन्ही बाजूंनी आणखी वेळ वजा करावा लागतो. टेंडरसाठी क्रमांकाची तिकिटे देतात, जहाजाच्या स्वतःच्या सहलींना जाणाऱ्यांना सहसा आधी सोडतात आणि परतीच्या वेळी किनाऱ्यावर मोठी रांग लागते. अशा बंदरात स्वतंत्र वाटाड्याशी भेटीची वेळ ठरवताना जहाजाच्या आगमनानंतर किमान दीड तास सोडावा.

घड्याळाचा घोळ हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. जहाजाची वेळ आणि बंदराची स्थानिक वेळ यांत काही ठिकाणी एका तासाचा फरक असतो. किनाऱ्यावर मोबाइलला सिग्नल मिळताच तो स्थानिक वेळ दाखवू लागतो, मात्र जहाज सुटते ते सहसा स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. म्हणून मनगटावर साधे घड्याळ बांधावे, ते आदल्या रात्री जहाजाच्या वेळेशी जुळवावे आणि दिवसभर त्यालाच प्रमाण मानावे. वाटाड्यालाही परतीची वेळ ‘साडेतीन’ इतकीच न सांगता स्थानिक वेळेत किती वाजता हे सांगून लिहून द्यावे.

नकाशावरचे अंतर आणि रस्त्याचे अंतर यांतला फरक न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या उदाहरणावरून चांगला कळतो. तिथे मोठी क्रूझ जहाजे पोर्ट चामर्सला लागतात. त्याच खाडीच्या तोंडाशी, पलीकडच्या बाजूला, तायरोआ हेड नावाचे टोक आहे. नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस या अवाढव्य समुद्रपक्ष्याची मुख्य भूमीवरची ही जगातली एकमेव वसाहत. पाण्यावरून ते टोक जवळ वाटते. रस्त्याने मात्र खाडीला पूर्ण वळसा घालून, डुनेडिन शहरातून, एका बाजूला सुमारे तासभर लागतो. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर स्टॅन्ली या मुख्य गावाहून व्हॉलंटियर पॉइंटच्या किंग पेंग्विनकडे जायला एका बाजूला दोन-अडीच तास मोडतात. त्या वाटेवरचा मोठा टप्पा उघड्या माळरानावरून, जिथे रस्ता असा नाहीच, जीपने पार करावा लागतो, आणि स्टॅन्ली हे टेंडरचे बंदर आहे. जहाज तिथे दिवसभर थांबणार असेल आणि किंग पेंग्विन आयुष्यात एकदा तरी पाहायचाच असेल, तर तो प्रवास जरूर करावा. मुक्काम सहा-सात तासांचाच असेल, तर गावापासून सुमारे ६ किलोमीटरवर असलेल्या जिप्सी कोव्हला जावे. दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात तिथे बिळांच्या तोंडाशी उभे असलेले मॅगेलॅनिक पेंग्विन आणि कड्यावर घरटी करणारे रॉक शॅग जातीचे पाणकावळे शांतपणे पाहता येतात.

दुपारचे पक्षी

जागा शोधण्याचे काम प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑड्युबॉन या अमेरिकी पक्षीसंरक्षण संस्थेच्या साथीने २००२ साली सुरू केलेला ‘ईबर्ड’ हा पक्षीनिरीक्षकांनी पाठवलेल्या याद्यांचा ऑनलाइन नोंदसंग्रह आज यासाठी सर्वांत उपयोगी आहे. त्यात बंदराभोवतीची नामांकित ठिकाणे नकाशावर दिसतात. प्रत्येक ठिकाणाचा पट्ट्यांचा तक्ता वर्षातल्या प्रत्येक महिन्याचे चार भाग करून कोणता पक्षी केव्हा आणि किती नेमाने दिसतो हे दाखवतो. आपल्या तारखेच्या रकान्यात ठळक पट्टी असलेले पक्षी वेगळे लिहून काढावेत. आइसलँडच्या किनाऱ्यावर जून-जुलैत हजारोंनी असणारे पफिन हे समुद्रपक्षी ऑगस्टच्या अखेरीस समुद्रात निघून गेलेले असतात, त्यामुळे सप्टेंबरच्या जहाजाने जाणाऱ्याने पफिनच्या बोटीचे पैसे भरण्यात अर्थ नसतो. तक्त्याने ही फसगत टळते.

एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. त्यापुढची एक पायरी मला फार मोलाची वाटते. त्या ठिकाणच्या इतरांच्या याद्या एकेक करून उघडाव्यात आणि सुरुवातीची वेळ पाहावी. पहाटे सहाला सुरू झालेली ऐंशी जातींची यादी आपल्या कामाची नाही. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतल्या पाच-सहा याद्या शोधाव्यात आणि त्यांत काय दिसले ते वाचावे. काही ठिकाणी ऐंशीच्या पंधरा होतात, तर काही ठिकाणी ऐंशीच्या साठ राहतात. आपल्याला दुसऱ्या प्रकारची जागा हवी असते.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरची कारोनी दलदल हे याचे उलट उदाहरण. स्कार्लेट आयबिस हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. त्याचे लालभडक थवे खारफुटीतल्या रातथाऱ्यावर परततात ते सूर्यास्ताच्या सुमारास, आणि तो सोहळा दाखवणाऱ्या नेहमीच्या बोटी दुपारी चारच्या आसपास निघतात. पाच-सहा वाजता सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला तो सोहळा मिळणार नाही. जागा जगप्रसिद्ध असली तरी आपल्या घड्याळात ती बसत नाही, हे आधी ओळखले की निराशा वाचते.

मग दुपारी जागे राहणारे अधिवास कोणते? माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिली पसंती पाणथळीला आणि चिखलाच्या किनाऱ्याला. तुतवार, चिखले, कुरव, सुरय, बगळे हे पक्षी उन्हापेक्षा भरती-ओहोटीच्या तालावर जगतात. ओहोटीला ते पसरलेल्या चिखलावर दूरदूर पांगून चरतात आणि भरतीचे पाणी चढू लागले की उरलेल्या अरुंद पट्टीवर दाटीवाटीने, आपल्या जवळ, गोळा होतात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास साधावेत. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आपल्या तारखेचे त्या बंदराचे भरतीचे कोष्टक काढून त्यावर दिवस बसवावा लागतो. सिंगापूरच्या सुंगेई बुलो राखीव क्षेत्रात सप्टेंबर ते मार्च या काळात स्थलांतरित किनारी पक्षी येतात. बाहेरचा चिखल पाण्याखाली गेला की ते आतल्या तळ्यांवर उतरतात, म्हणून तिथे भरतीच्या वेळीच लपणीत, म्हणजे पक्ष्यांना न दिसता पाहण्यासाठी बांधलेल्या आडोशात, जाऊन बसावे. सर्वच समुद्रांना हा नियम सारखा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. त्याच देशाच्या कॅरिबियन बाजूला, कोलोन बंदरात, तो अर्ध्या मीटरचाही नसतो. तिथे भरतीचे कोष्टक घेऊन बसण्यापेक्षा जंगल गाठावे.

दुसरी पसंती शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटांना. घारी, गरुड, मधुबाज हे जड पक्षी जमिनीवरून उठणाऱ्या तापलेल्या हवेच्या झोतांवर चढतात आणि ते झोत सकाळी उशिरा तयार होतात, त्यामुळे त्यांचा दिवस जहाजाच्या दिवसाशी चांगला जुळतो. जिब्राल्टर हे त्याचे उत्तम ठिकाण आहे. तिथली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे. पाण्यावर तापलेले झोत उठत नसल्यामुळे युरोप-आफ्रिकेदरम्यान ये-जा करणारे हजारो शिकारी पक्षी इथूनच पार होतात. वारा पश्चिमेचा असेल तर ते ढकलले जाऊन थेट जिब्राल्टरच्या खडकावरून जातात. पूर्वेचा असेल तर ते स्पेनमधल्या तारिफाच्या बाजूला सरकतात. जहाजाच्या पडद्यावर वाऱ्याची दिशा दाखवतात, ती सकाळी पाहून घ्यावी.

समुद्रपक्ष्यांच्या वसाहती दुपारीही गजबजलेल्या असतात, आणि अल्बट्रॉससारख्या पक्ष्यांना तर वाराच लागतो. तायरोआ हेडला वारा वाढलेल्या दुपारी ते अधिक उडतात. मोठी वनस्पतिउद्यानेही दुर्लक्षू नयेत : सिंगापूरचे, १८५९ साली स्थापन झालेले उद्यान शहरातच आहे, सावली आहे, पाणी आहे, स्वच्छतागृहे आहेत, आणि सोबत पक्ष्यांची आवड नसलेले कुटुंबीय असतील तर तेही रमतात. उद्यानात पिंजरे असतील, तर त्यांतले पक्षी यादीत धरायचे नसतात. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंटच्या, १७६५ पासूनच्या उद्यानात त्या बेटाचा दुर्मीळ पोपट पिंजऱ्यात जवळून दिसतो, पण त्याची रानटी नोंद करण्यासाठी डोंगरातच जावे लागते.

घनदाट जंगल मी शेवटी ठेवतो, कारण दुपारी ते सर्वांत जास्त संयम मागते. तरीही बंदर जंगलाचेच असेल तर सावलीतल्या ओढ्याकाठी आणि फुललेल्या झाडाखाली थांबावे.

जहाजाची सहल की स्वतंत्र वाटाड्या

जहाजाने विकलेल्या सहलीचा एक मोठा फायदा आहे. ती उशिरा परतली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यासाठी ते थांबत नाही. तोटाही तितकाच खरा आहे. ‘निसर्ग सहल’ या नावाखाली चाळीस माणसांची बस एका धबधब्यावर, एका दुकानावर आणि एका जेवणावर थांबते आणि पक्षी खिडकीतून दिसले तर दिसले. माझ्या मते जागा तासाभराच्या आत असेल, तर चार-सहा जणांनी मिळून पक्षी जाणणारा स्थानिक वाटाड्या ठरवणे सर्वांत चांगले. जागा त्याहून दूर असेल किंवा वाट एकाच घाटाची, एकाच पुलाची असेल, तर जहाजाची सहल घ्यावी.

वाटाड्याला पहिल्याच पत्रात जहाजाचे नाव, तारीख, बंदरातल्या वेळा आणि ऑल अबोर्डची वेळ कळवावी. हवामानामुळे जहाज बंदरात आलेच नाही तर पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारावे, कारण असे होते आणि त्यात प्रवाशाच्या हातात काही नसते. गाडी बंदराच्या आत येऊ शकते की फाटकाबाहेर उभी राहते, हेही विचारून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याला काय हवे ते स्पष्ट लिहावे : ‘एकाच ठिकाणी, संथपणे, चार तास.’ नाहीतर चांगला वाटाड्यादेखील पाहुण्याला खूश करण्यासाठी चार ठिकाणे जोडतो आणि दिवस गाडीत जातो.

आदली रात्र

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची असावी. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण हातातला कंपही तितकाच वाढवते आणि डेकवर ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. डेकचा कठडा इंजिनाने थरथरत असतो, म्हणून त्यावर कोपर किंवा दुर्बीण टेकवू नये. कोपरे छातीशी घट्ट धरावीत.

उष्ण कटिबंधातल्या बंदरात एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. रात्रभर वातानुकूलित केबिनमध्ये ठेवलेली दुर्बीण घेऊन मी सकाळी दमट हवेत उतरलो. फाटकाबाहेरच्या विजेच्या तारेवर एक अनोळखी लांब शेपटीचा माशीमार बसला होता. दुर्बीण डोळ्यांना लावली तर समोर नुसता पांढरा धूर. पुसले की पाच सेकंदांत पुन्हा काच भरून यायची. थंड काचेवर बाहेरची वाफ जमत होती आणि ती काच हवेइतकी कोमट होईपर्यंत काहीच करता येत नव्हते. पंधरा-वीस मिनिटांनी ती निवळली तेव्हा तार रिकामी होती. तेव्हापासून मी दुर्बीण आणि कॅमेरा बंद पिशवीत घालून उतरण्याच्या अर्धा तास आधी बाल्कनीत किंवा डेकवर नेऊन ठेवतो. पिशवी बंद असली की वाफ काचेऐवजी पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर जमते.

बुटांचे तळ ब्रशने घासून त्यातली माती आणि बिया काढाव्यात आणि पिशवीचे कप्पे झटकावेत. बेटांवरच्या पक्ष्यांना परक्या बिया, कीटक आणि रोग यांच्यापासून खरा धोका असतो, म्हणून अनेक बंदरांत याची तपासणी कडक असते. जहाजाच्या न्याहारीतले फळ खिशात घालून उतरू नये. न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या एका सफरचंदालाही ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागीच होतो. बंद पाकिटातला खाऊही काही देशांत जाहीर करावा लागतो, त्यामुळे जहाजावर वाटलेली सूचना वाचूनच शिदोरी बांधावी. पाणी भरपूर घ्यावे.

‘ईबर्ड’ आणि पक्षी ओळखायला मदत करणारे ‘मर्लिन’ या ॲपमधली त्या प्रदेशाची माहिती घरूनच उतरवून घ्यावी, कारण जहाजावरचे इंटरनेट महागही असते आणि धिमेही. पासपोर्टची छायाप्रत, नेहमीची औषधे, थोडी स्थानिक रोकड आणि जहाजाच्या दैनिक पत्रकावर छापलेला पोर्ट एजंटचा दूरध्वनी क्रमांक सोबत असावा. जहाज चुकलेच, तर पुढचे बंदर गाठून देण्यासाठी मदत करणारा माणूस तोच असतो. जंगलात जायचे असेल तर लसींबाबत डॉक्टरांना बऱ्याच आधी विचारावे. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य होते.

शेवटचे काम अभ्यासाचे. तीनशे पानांचे पुस्तक पाठ करण्याचा प्रयत्न करू नये. तक्त्यावरून काढलेल्या यादीतले सर्वांत नेहमीचे तीस पक्षी निवडावेत आणि त्यांची चित्रे झोपण्यापूर्वी दोनदा पाहावीत. नेहमीचे तीस पक्षी एका नजरेत ओळखता आले, तर त्यांच्यापेक्षा वेगळा एकतिसावा आपोआप डोळ्यांत भरतो.

सूर्योदय डेकवर

पक्षीनिरीक्षणाचा दिवस बंदरात लागण्याआधी, डेकवर सुरू होतो. जहाज किनाऱ्याजवळ येऊ लागते तेव्हा, बंदराची वाट दाखवणारा पायलट चढण्याच्याही आधी, उघड्या डेकवर पुढच्या बाजूला उभे राहावे. गमावलेल्या पहाटेची थोडी भरपाई इथे होते. डुनेडिनला जाणारी जहाजे तायरोआ हेडच्या अगदी समोरून खाडीत शिरतात. तीन मीटर पंखविस्ताराचे अल्बट्रॉस पंख न हलवता कड्यावरून वळसे घेताना डेकवरूनच दिसतात, आणि त्यासाठी गाडीही लागत नाही, तिकीटही लागत नाही. कॅरिबियनमध्ये याच वेळी मॅग्निफिसंट फ्रिगेटबर्ड दिसतात. समुद्रावर जगूनही या पक्ष्याची पिसे पाण्यात टिकाव धरत नाहीत, त्यामुळे तो पाण्यावर बसत नाही. मासा पकडून परतणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याचा तो पाठलाग करतो, त्याला हैराण करून घास टाकायला लावतो आणि तो घास पाण्याला लागण्याआधी हवेतच झेलतो. दुभंगलेली लांब शेपटी त्या वेळी कात्रीसारखी उघडझाप करते. हे दृश्य शोधायला कुठे जावे लागत नाही, वर बघावे लागते.

प्रत्यक्ष जागेवर

पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटे चालू नये. गाडीतून उतरलेल्या माणसांमुळे जी शांतता पसरते ती विरघळायला तेवढा वेळ लागतो. एका जागी, सावलीत, पाठीमागे झाड किंवा भिंत ठेवून बसावे आणि आधी आवाज मोजावेत, मग हालचाली. वेळ थोडा असताना बसून राहणे जिवावर येते, पण माझा अनुभव असा की, दिवसातल्या निम्म्या जाती या पहिल्या बैठकीतच कळतात आणि पुढचे चालणे अधिक शहाणपणाचे होते.

त्यानंतर चालण्याचा वेग ताशी एक किलोमीटरच्या वर नेऊ नये. जंगलात दुपारी अर्धा तास काहीच हलत नाही आणि मग एकाएकी पंधरा-वीस पक्ष्यांचा मिश्र थवा डोक्यावरून सरकतो : कुणी साल टोचणारे, कुणी पानांमागचे किडे टिपणारे, कुणी फांदीच्या टोकावरून हवेत झेपावणारे. अशा वेळी एका पक्ष्यामागे लागून पुस्तक उघडू नये. प्रत्येकावर चार सेकंद नजर टाकून डोके, पंखांवरचे पट्टे, पोट आणि शेपटी एवढेच टिपावे. थवा गेल्यावर लिहावे. सोबत वाटाड्या असेल तर त्याच्या हाताकडे न पाहता तो ज्या झाडाकडे पाहतो त्या झाडाकडे पाहावे. ‘घड्याळातल्या दोनच्या जागी’ अशा भाषेत दिशा सांगण्याची पद्धत सकाळीच ठरवून घ्यावी.

पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. अनेक राखीव क्षेत्रांत त्याला बंदी आहे. बंदी नसली तरी वीण हंगामात तो पक्षी घरटे सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात शक्ती घालवतो, आणि क्रूझच्या बंदरात उद्या दुसरे जहाज, परवा तिसरे जहाज येत असते. फॉकलंड बेटांवर वन्यजीवांपासून किमान सहा मीटर अंतर ठेवावे असा दंडक आहे. पक्षी स्वतः चालत जवळ आला तर स्तब्ध उभे राहावे. तायरोआ हेडची वसाहत आज पाहता येते ती अशाच राखणीमुळे. लोक अंडी उचलत, भटके प्राणी पिल्ले मारत, म्हणून पक्षी-अभ्यासक लान्स रिचडेल यांनी तिथे पहारा दिला आणि १९३८ साली तिथून अल्बट्रॉसचे पहिले पिल्लू सुखरूप समुद्रावर उडाले. वसाहतीच्या दोराबाहेर उभे राहताना ही गोष्ट आठवावी.

निघण्याची ठरलेली वेळ झाली की निघावे. नवा पक्षी नेमका त्याच क्षणी ओरडतो. तरीही निघावे.

धक्क्यावरचा शेवटचा तास

राखून ठेवलेला तास खर्ची पडला नाही, तर तो धक्क्यावर पक्ष्यांसाठीच वापरता येतो. बंदरे ही पक्ष्यांची जुनी वस्ती आहे. स्टॅन्लीच्या जेटीजवळ, समुद्री शेवाळात, उडू न शकणारे फॉकलंड स्टीमर डक जोडीने तरंगत असतात. घाई झाली की ते आखूड पंख चाकाच्या पात्यांसारखे पाण्यावर आपटत फेस उडवत पळतात, आणि जुन्या वाफेच्या बोटीवरून पडलेले त्यांचे नाव तेव्हा अचूक वाटते.

उष्ण प्रदेशातल्या बंदरांत मी लाटा अडवणाऱ्या दगडांच्या बांधाकडे जातो. तिथे रडी टर्नस्टोन हमखास भेटतो. साधारण मैनेएवढा, नारिंगी पायांचा हा किनारी पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात वीण करतो आणि उरलेले वर्ष जगाच्या बहुतेक किनाऱ्यांवर काढतो. एकदा परतीच्या रांगेतून बाजूला होऊन मी त्यातल्या एकाला दहा मिनिटे पाहिले. शेवाळाच्या एका गुंत्याखाली त्याने चोच सरकवली, मान खाली दाबली आणि पाय रोवून तो गुंता अंथरूण गुंडाळावे तसा पुढे ढकलत नेला. उघड्या पडलेल्या ओल्या दगडावर चिलटासारखे जीव उडाले. त्यांतले तीन त्याने टिपले, चौथा सुटला, आणि मग शेजारचा शिंपला उलटा करून तो त्याखाली पाहू लागला. माझ्यापासून तो दोन मीटरवर होता आणि दुर्बीण लागत नव्हती.

जहाजावर परतल्यावर अंघोळीआधी यादी पूर्ण करावी, कारण दुसऱ्या दिवशी दुसरे बंदर असते आणि आठवणी एकमेकींत मिसळतात. डेकवरची सकाळ, जागेवरची फेरी आणि धक्का यांच्या तीन वेगळ्या याद्या कराव्यात, प्रत्येकीत वेळ, अंतर आणि मोजलेली संख्या भरावी आणि ठिकाणाचा ठिपका नेमका ठेवावा. वेळ स्थानिक घालावी. दिवसभर जहाजाच्या वेळेचे घड्याळ बांधलेले असल्यामुळे इथे चूक सहज होते. खात्री नसलेल्या पक्ष्याला कुळापर्यंतच नाव द्यावे, जसे ‘सुरय, जात अनिश्चित’. अशी नोंददेखील उपयोगी असते, चुकीचे नाव मात्र पुढच्या प्रवाशाच्या तक्त्यात जाऊन बसते.

जहाज सुटताना पुन्हा डेकवर यावे. किनाऱ्यापासून सुमारे दोन सागरी मैल बाहेर गेल्यावर ‘ईबर्ड’वर खुल्या समुद्राची वेगळी पद्धत लागू होते : एका यादीचा कालावधी एका तासापेक्षा जास्त ठेवत नाहीत, म्हणजे प्रत्येक नोंद जहाजाच्या वाटेवरच्या योग्य तुकड्यात पडते. सूर्य मावळेपर्यंत अशी एक यादी सहज होते, आणि मागे पडणाऱ्या किनाऱ्याकडून रातथाऱ्यावर जाणाऱ्या बगळ्यांची रांग दिसली, तर ती याच यादीत, संख्येसह लिहावी.